गिल्बर्ट परत आला

सिंदी मेघे, वर्धा
१२ ऑगस्ट १९८५

चि. सौ. कोकिळा हिस,
सुधावहिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि मुलांचा फोटो पोचला. माणिकरावांची दाढी पाहून आईंनी मला दोनदा विचारलं की जावई डॉक्टरकी सोडून साधू व्हायला निघाले की काय. फोटो सध्या देवाजवळ ठेवला आहे, त्यामुळे दाढीलाही रोज हळदकुंकू मिळतं. तिकडे लीड्सला थंडी सुरू झाली असेल तर आईंनी पाठवलेल्या शाली वापरत जा, पेटीत ठेवून कसर लावू नकोस.

आपले शेजारी भैय्याजी रेल्वेतून निवृत्त झाले आणि त्या पैशातून त्यांनी टी.व्ही. घेतला. नागपूरचं चित्र पकडायला एवढा उंच अँटेना लावलाय की वारा सुटला की स्वतः गच्चीवर चढून फिरवतात आणि खालून सगळी आळी आलं, गेलं, थोडं इकडे असं ओरडत बसते. रविवारी संध्याकाळी तिथे एक विलायती मालिका लागते. जुन्या काळातली एक हवेली, तिची मालकीण लेडी ऑगस्टा, तिचा मुलगा गिल्बर्ट पहिल्या जर्मन लढाईत गेला तो परतलाच नाही. मेला की जिवंत आहे, कुणालाच ठाऊक नाही. त्याची बायको हेस्टर आणि ही म्हातारी, अशा दोघीच त्या एवढ्या मोठ्या घरात. आमच्यासारख्याच, फक्त आमच्याकडे चांदीचे काटेचमचे नाहीत.

त्यांचं इंग्रजी कुणाला कळत नाही, म्हणून मी दुभाषी. भैय्याजींना बातम्यांचं कळतं, हे कळत नाही, पण ते कबूल करत नाहीत. मी सांगितलं की आपल्याला आधीच माहीत होतं अशी मान हलवतात. त्यांच्या घरच्या मंदाबाईंना हेस्टरचं गावातल्या डॉक्टरशी फिरायला जाणं मुळीच खपत नाही. आई मात्र तिची बाजू घेतात. पोरीनं किती वर्षं भिंतीकडं पाहावं, म्हणतात. तूही ही मालिका तिकडे पाहिली असशील. पुढे काय होतं ते कळव.

आता खरी गोष्ट. केशवना, तुझ्या दादांना, भुसावळच्या मुलाखतीला म्हणून घरातून जाऊन या महिन्यात बारा वर्षं पूर्ण झाली. आईंनीच विषय काढला. सेलूच्या शाळेत कृष्णकांत म्हणून शिक्षक आहेत, विधुर, एक लहान मुलगी आहे. माझी त्यांची ओळख शिक्षकांच्या शिबिरातली. मी कधी काही बोलले नव्हते, पण आईंनी ओळखलं, आणि परवा दळण निवडताना सरळ म्हणाल्या की पळसाचा पुतळा जाळून टाकू, मग तू मोकळी. नत्थूमामा हिंगणीच्या रानातून पळसाचे देठ आणून बोर नदीच्या काठी सगळं करवून घेणार आहेत. भटजींनी एकदा नीट विचार करा म्हणून बजावलं. एकदा पुतळ्याला अग्नी दिला की तो माणूस गेलाच असं धरायचं. पुढे खरोखर परत आला तरी त्याला त्या घरात जागा नाही, त्याने जन्मापासून सगळे संस्कार पुन्हा करून घ्यायचे. आई म्हणाल्या, विचार बारा वर्षं केला.

माझ्यावर रागावली नाहीस ना, तेवढं लिही. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
सुधावहिनी


लीड्स
२५ ऑगस्ट १९८५

ती. सौ. वहिनीस,
कोकिळाचे शि.सा.न.वि.वि.

रागावू कशाला? पत्र वाचून आधी रडले आणि मग माणिकना म्हटलं, आज काहीतरी गोड करते. कृष्णकांतमास्तरांना दाढी आहे का ते आधी कळव. आणि शिबिरात शिक्षणाखेरीज इतकं काय चालतं, हेही सविस्तर कळव. मी धाकटी नणंद आहे, माझा हक्क आहे.

दादा गेला हे मी मनाशी केव्हाच धरलंय. मी इकडे आले ते पहिलंच वर्ष, तेव्हा भाऊबीजेला त्याचं पत्र आलं नाही. दादा काहीही विसरला असता, कर्जात बुडाला असता, कुणाशी भांडून तोंड लपवून बसला असता, पण भाऊबीजेला मला दोन ओळी लिहिल्याशिवाय राहिला नसता. त्या दिवशी मी इथल्या स्वयंपाकघरात त्याच्यासाठी रडून घेतलं. तुला आणि आईला कधी सांगितलं नाही, एवढंच. तेव्हा पळस आणा, सगळं करा आणि तू तुझं बघ. आईचं मन फिरायच्या आत कर.

हवेलीची मालिका इथे दहा-अकरा वर्षांपूर्वी झाली. आमच्या काळ्यापांढऱ्या डब्यावर मी एकही भाग चुकवला नव्हता. पुढे काय होतं ते मला चांगलं आठवतंय, पण सांगणार नाही. आळीसकट तडफडत बसा. एवढंच सांगते की मंदाबाईंना म्हणावं, रुमाल घेऊन बसा.

आईला नमस्कार. मला विसरून सेलूला जाऊ नकोस.

तुझीच,
कोकिळा


सिंदी मेघे
२ ऑक्टोबर १९८५

चि. सौ. कोकिळा हिस,
अ.उ.आ.

परवा रविवारी गिल्बर्ट परत आला.

तू मला आधी का नाही सांगितलंस? मी आईंना काहीतरी निमित्त काढून घरी ठेवलं असतं. हेस्टर आणि डॉक्टरच्या लग्नाला आठवडा राहिलेला. देवळात गिल्बर्टच्या नावाची पाटी बसवून झालेली. आणि स्वयंपाकघराचं मागचं दार वाजतं, आचारीण उघडते, तर दारात वाढलेल्या दाढीचा, एक पाय ओढणारा माणूस. कोणी एक शब्द बोललं नाही, त्यामुळे मला सांगायलाही काही नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. सगळ्या खोलीला कळलं.

मंदाबाईंनी घरातली साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरचा चेहरा दाखवला तेव्हा मागून कोणी म्हणालं, बरं झालं लेकाची फजिती झाली. मी मात्र त्या डॉक्टरकडेच पाहत होते. तो टोपी हातात धरून उभा होता, आणि त्याच्याकडे कुणी पाहतही नव्हतं.

आई मधेच उठून उभ्या राहिल्या. मागच्यांना दिसेना म्हणून लोक बसा, बसा म्हणत होते, त्यांना ऐकूच गेलं नाही. सोमवारी सकाळी मी शाळेत जाण्याआधी त्यांनी हिंगणीला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरजवळ निरोप दिला होता, नत्थूले सांगजो, पळस तोडू नको. मी काही विचारलं नाही, तरी त्याच बोलल्या. त्या साहेबाच्या बाईचं पोरगं येते, मंग माह्यं काऊन येणार नाई. त्यांच्या तोंडावर जे हसू होतं ते मी लग्न करून आले त्या वर्षी पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

आता रोज एक भाकर जास्त होते. अंगणाच्या दाराची कडी लावू देत नाहीत. मी समजावलं की ती लिहिलेली गोष्ट आहे, कुणीतरी बसून रचलेली. त्यावर म्हणाल्या, कोणाचं तरी झालं असेल म्हणूनच लिहिलं असेल ना.

कृष्णकांत काल शाळेत येऊन भेटून गेले. कायद्याने सात वर्षं पुरतात, कोर्टात लग्न करता येतं, असं त्यांचं म्हणणं. ते मलाही माहीत आहे. पण कोकिळा, माझ्या माहेरच्यांनी मला पांढऱ्या पायाची ठरवली तेव्हा ह्या बाईने मला दाराबाहेर उभं राहू दिलं नाही. स्वतःचं मंगळसूत्र मोडून मला डी.एड. केलं. त्यांना डावलून मी ह्या घरातून निघणार नाही. कृष्णकांतांच्या भावाने दुसरं स्थळ आणलंय आणि मार्गशीर्ष लागेपर्यंत ते त्याला थोपवून धरतील. त्यापुढे मीही त्यांना थांबा म्हणणार नाही.

टी.व्ही.वर तीन रविवार त्या वेळेला खेळांचे सामने आहेत, तोवर मालिका बंद. पुढे काय होतं ते आता तरी लिही. थट्टा पुरे.

तुझ्या आधारावर असलेली,
सुधावहिनी


लीड्स
१० ऑक्टोबर १९८५

ती. सौ. वहिनीस,
शि.सा.न.वि.वि.

माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची. नको तिथे ती चालते आणि हवी तिथे मी ती धरून बसले. मला ती नुसती गोष्ट वाटली, वहिनी. लीड्समध्ये बसून ती गोष्टच वाटते.

पुढे जे होतं ते तुझ्या कामाचं नाही. तो खरा गिल्बर्टच असतो. कुठल्याशा इस्पितळात नाव-गाव विसरून पडलेला असतो. लेडी ऑगस्टा त्याला न्हाऊमाखू घालते, हेस्टर डॉक्टरला नकार देते, आणि सगळे बागेत बसून चहा पितात. हे आईने पाहिलं तर ती मरेपर्यंत दाराशी बसेल आणि तू तिच्या शेजारी.

म्हणून मी जे लिहिते ते शांतपणे वाच. आईला इंग्रजी येत नाही. भैय्याजींना येत नाही, आळीत कुणालाच येत नाही. त्या हवेलीत जे काही बोलतात ते तुझ्या तोंडून जातं. तो तोतया आहे असं सांग. गिल्बर्टबरोबर लढाईत असलेला कुणी शिपाई, त्याने त्याच्याकडून घरची सगळी माहिती काढून घेतली आणि गिल्बर्ट मेल्यावर इस्टेटीसाठी आला, असं. दोन-तीन भागांचा प्रश्न आहे. शेवटचा भाग चुकव, भैय्याजींच्या अँटेनाचा एखादा स्क्रू ढिला कर हवं तर.

दादा माझा भाऊ होता. त्याच्याबद्दल हे सुचवायचा हक्क कुणाला असेल तर मला आहे. पाप माझ्या नावावर लिहून टाक. इथून ते आईपर्यंत पोचायला समुद्र ओलांडावा लागेल.

हट्ट करू नकोस. वाट पाहते.

तुझी,
कोकिळा


सिंदी मेघे
१९ नोव्हेंबर १९८५

चि. सौ. कोकिळा हिस,
अ.उ.आ.

तुझं पत्र मालिका पुन्हा सुरू व्हायच्या दोन दिवस आधी मिळालं. मी ते चुलीत घातलं आणि तुला खरमरीत उत्तर लिहायला बसले. ते उत्तर लिहून झालं नाही, आणि रविवारी मी भैय्याजींकडे जाऊन नेहमीच्या जागी बसले.

तू सांगितलंस तसं केलं. पहिलं वाक्य खोटं सांगेपर्यंत वाटत होतं की मला जमणार नाही. त्यानंतर ते आपोआप येत गेलं. गिल्बर्ट त्याच्या आईला म्हणाला की मला तुझा आवाज आठवत होता, मी सांगितलं की तो विचारतोय कागदपत्रं कुठे आहेत. हेस्टर रडली, मी सांगितलं तिला संशय आलाय. लेडी ऑगस्टा त्याचे मोजे काढून त्याचे पाय मांडीवर घेते आणि ओल्या फडक्याने पुसते, तिथे मी क्षणभर अडखळले. मग म्हटलं, खऱ्या गिल्बर्टच्या घोट्यावर लहानपणीचा व्रण होता, तो आहे का पाहतेय, नाहीये.

सगळी आळी त्या बिचाऱ्यावर तुटून पडली. मंदाबाईंनी बोटं मोडली. ज्यांनी साखर खाल्ली होती ते म्हणू लागले की आम्हाला तेव्हाच त्याच्या डोळ्यांत खोट दिसली होती. भैय्याजी तर म्हणाले की त्याचं इंग्रजीच खानदानी नाही, मी पहिल्या दिवशीच ओळखलं. एरवी मी पोट धरून हसले असते. पडद्यावर आई मुलाला घास भरवत होती आणि खोलीतली माणसं त्याला चोर म्हणत होती, आणि हे मी केलं होतं.

आई तिन्ही रविवार माझ्या शेजारी बसून होत्या. तिसऱ्या रविवारी परत येताना अंगणात चप्पल काढता काढता म्हणाल्या, उद्या नत्थूले निरोप धाडजो, पळस आणाले सांग. एवढंच. मग आत जाऊन कडी लावली. शेवटच्या भागाला त्या आल्याच नाहीत, अँटेनाला हात लावायची वेळ आली नाही.

सुटले असं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. कृष्णकांतांना मी यातलं काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. दिवाळी झाली, तुझ्या नावाची पणती लावली. आपल्या दोघींत हे राहू दे आणि लोभही.

सुधावहिनी


हिंगणी
११ डिसेंबर १९८५

चि. सौ. कोकिळा हिस,
अनेक आशीर्वाद.

कार्तिक वद्य एकादशीला सगळं पार पडलं. अजून सुतकात आहोत, म्हणून नत्थूमामांकडेच आहे.

बायकांनी नदीवर यायची रीत नाही. आई ऐकल्या नाहीत. मामांनी आणलेल्या पळसाच्या देठांचे हात-पाय केले, ते सुताने बांधले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. भटजी मंत्र म्हणत एकेक देठ लावत होते आणि ते गवतासारखं काहीतरी हळूहळू माणसाएवढं होत गेलं. मी समजत होते की हा नुसता विधी आहे. भटजींनी नाव विचारलं आणि मामांनी केशव महादेवराव असं सांगितलं, तेव्हा मी खाली वाळूत बसले. आई नव्हत्या रडत. पुतळ्यावर पांढरं कापड घातलं ते त्यांनी वाकून नीट केलं, पायाकडून खोचलं. मामांनी अग्नी दिला. ओले देठ होते, लवकर पेट घेईनात, धूर फार झाला.

मग घाटावर मामींनी माझ्या बांगड्या उतरवल्या, कुंकू पुसलं. महिन्याभरात मला ते पुन्हा लावायचं आहे हे सगळ्यांना माहीत होतं, तरी मामी हुंदके देत होत्या. आता तुझ्या पत्राच्या मायन्यात सौ. लिहू नकोस. पुढे काय लिहायचं ते जानेवारीत कळवीन. लग्नाची तारीख नोंदवली आहे.

आई जेवतात, बोलतात, मामांच्या नातवंडांना चिडवतात. काल मला म्हणाल्या की सेलूच्या घरी शेवगा आहे का पाहजो, नसला तर लाव. मला वाटतं त्यांना पटलं आहे. मी खोटं बोलले ते वाया गेलं नाही असंच मी स्वतःला सांगते. तूही तसंच सांगत जा.

माया असू दे.

तुझी,
सुधा


हिंगणी
९ फेब्रुवारी १९८६

चि. कोकिळाले तुह्या मायचे लय आशीर्वाद.

हे पत्र नत्थू लिहून राह्यला. मी बोलीन तसंच लिहिजो, आपल्या मनानं काई सुधारजो नोको, अशी त्याले शपथ घातली आहे.

सुधाचं लगन झालं, तिनं तुले कळवलंच असन. मी गेलती. तिच्या कपायाले मीच कुंकू लावलं. मास्तर माणूस चांगला दिसते, दाढी नाई. त्याची पोरगी सुधाच्या मांडीवरून उतरत नव्हती. मी आता हिंगणीलेच राह्यते. सिंदीच्या घराले कुलूप लावलं. रविवारी भैय्याजीच्या घरातून आवाज येते, तो मले ऐकवत नाई.

आता जे सांगून राह्यली ते सुधाले कधी कळू देऊ नोको. तुम्ही दोघीनं मले सांगतलं का त्या हवेलीतला पोट्टा खोटा आहे. हे सुधाच्या एकटीच्या डोक्यातलं नाई, तुह्यं पत्र आल्यावरच ते निंगालं, येवढं मले समजते. तुम्हाले वाटलं मायले इंग्रजी येत नाई. नाई येत. पण डोये तं आहेत. त्या म्हातारीनं त्याचे पाय मांडीवर घेतले आन पुसले. सुधा म्हणे व्रण पाहून राह्यली. व्रण पाहणारी बाई डोये मिटून घेते काय? तो तिचाच होता, कोकिळा. तो खरंच आलता.

मंग मी सुधाकडं पाह्यलं. बारा वर्सात ती पोरगी माह्याशी एक शब्द खोटं बोलली नाई. शाळेतून याले उशीर झाला तरी खरं कारण सांगे. आन तिथं सगळ्या आळीसमोर खोटं बोलून राह्यली, पदरानं घाम पुसून राह्यली, माह्याकडं पाहत नाई. तिचा जीव इतका घायकुतीले आलता. मी नाई म्हटलं असतं तं ती राह्यली असती. तोंडातून हूं काढलं नसतं. मी मेली असती आन मंग ती त्या दारात एकटी बसली असती, माह्या जागेवर.

म्हणून मीच पळस आणाले सांगतलं. तुम्हाले वाटलं मले पटलं. मले नाई पटलं. सुधानं सांगतलं, तू म्हणते भाऊबीजेले पत्र आलं नाई, सुधा म्हणते कोणी बसून रचलं. असन. मी माय आहे, मले केशव जिताच वाटते, आजबी वाटते. भटजीनं नाव विचारलं तवाबी जिता वाटत होता. आन तसा वाटत असताना मी त्याच्यावर कापड घातलं आन नत्थूले म्हटलं, लाव.

आता तो आला तं त्याले घरात घेता येत नाई. पुन्हा जल्म घ्या लागते म्हणे. त्याले पुन्हा जल्म द्याचं माह्यं वय नाई राह्यलं.

म्हणून तुले सांगते. तू लय दूर आहे, तिथं हे रीतभात कोणी विचारत नाई. तो कधी फिरत फिरत तुह्या दारी आला, तं त्याले आत घेजो. जेवाले देजो. आन त्यानं विचारलं का मले कोणी जाळलं, तं सुधाचं नाव घेऊ नोको. सांगजो, बायकोनं नाई, मायनं जाळलं, आन तिले माहीत होतं.

जावयाले, लेकरायले आशीर्वाद. माया सोडजो नोको.

तुह्यी माय,
देवकाबाई